नकाशातला एक एकर खरा किती गुंठ्यांचा?

निपाणीजवळच्या एका ताईंनी विचारलंय. त्या घरी शिवणकाम करतात, मुलगा सातवीत आहे. खोलीच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावलाय. मुलानं बटर पेपरवर भारत गिरवला, कापला आणि ग्रीनलंडवर ठेवून बघितला, तर सहा भारत बसले आणि कडेला जागा उरली. पुस्तकात मात्र भारताचं क्षेत्रफळ ग्रीनलंडपेक्षा जास्त दिलंय. शाळेत विचारलं तर "नकाशा बरोबरच आहे" असं उत्तर मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिहिलेलं सापडलं, की गोऱ्या लोकांनी मुद्दाम आपले देश मोठे काढले. आता खरं काय मानायचं आणि हा नकाशा काढून दुसरा आणायचा का, असा त्यांचा प्रश्न.

ताई, मी बेळगाव तालुक्यात तीसेक वर्षं जमिनीच्या मोजणीचं काम केलं. सुरुवात साखळी आणि प्लेन टेबलनं, मग टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, शेवटी उपग्रहाच्या आधारानं जागा सांगणारा रोव्हर. जगाचे नकाशे हा माझा धंदा नव्हे. पण गोल जमीन चपट्या कागदावर उतरवताना काय काय हातचं जातं, ते रोज बघितलंय. आधी एवढं सांगतो, की तुमच्या मुलानं जे केलं तेच मोजणीदार करतो. पुस्तकातला आकडा आणि कागदावरची आकृती जुळेना, तेव्हा तो आकृतीवर संशय घेऊन बसला. शाबासकी द्या त्याला.

शाळेतलं उत्तरही अगदी खोटं नाही. तो नकाशा एका कामासाठी बरोबर आहे, फक्त ते काम ग्रीनलंड किती मोठं हे सांगण्याचं नाही. म्हणून "हा नकाशा खरा की खोटा" हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. कागदावर येताना यानं काय सांभाळलं आणि काय सोडून दिलं, ते बघू. प्रत्येक नकाशा काहीतरी सोडतोच. माझेही सोडत होते.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, रानं उताराची. तिथला एक शेतकरी माझ्याशी भांडला होता. त्यानं स्वतः टेप धरून वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत मोजलं तर शंभर फूट, आणि माझ्या नकाशात सत्त्याऐंशी. तेरा फूट कुणी खाल्ले? कुणी खाल्ले नव्हते. त्याचा टेप उताराला चिकटून खाली उतरत होता, तीस अंशाचा चढ होता तो. आम्ही मात्र साखळी आडवी, पाण्याच्या पातळीत धरतो, टोकाला ओळंबा सोडतो आणि जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसं तुकड्या-तुकड्यानं खाली येतो. जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर लागतं ते या आडव्या मापाचं क्षेत्र. कारण कागद आडवा असतो. शेजाऱ्याचा नकाशा याच्या नकाशाला बांधावर बांध जुळला पाहिजे. प्रत्येकानं आपापल्या चढउताराला चिकटून मोजलं तर गावचा नकाशा कधी जुळायचाच नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे माझं रान सरकारनं चपटं केलं की!" एवढं नेमकं मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

पृथ्वीचं तसंच, फक्त जास्त अवघड. उतार निदान आडवा धरून मोजता येतो. चेंडूला आडवं करणं जमतच नाही. तुम्ही शिवणकाम करता, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ब्लाउजचं कापड सपाट असतं, अंग सपाट नसतं. टक्स घेतल्याशिवाय कापड गोलाव्यावर बसत नाही. आता उलटं करा. शिवलेला कटोरी ब्लाउज टेबलावर पसरून इस्त्रीनं सपाट करायला बघा. एकतर चुण्या पडतील, नाहीतर टक्स उसवावे लागतील आणि मध्ये फटी राहतील. तिसरा मार्ग एकच, कापड रबराचं असलं तर ताणायचं. गाऊस नावाच्या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली हे सिद्धच करून ठेवलं: गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट होत नाही. तेव्हापासून कुणी नकाशेवाला कितीही हुशार असो, त्याच्या हातात निवड एवढीच, की ताण कुठं द्यायचा.

तुमच्या भिंतीवरचा नकाशा बहुतेक मर्केटरचा असणार. गेरार्डस मर्केटर हा फ्लँडर्सचा, त्यानं तो १५६९ साली काढला. त्याची रीत अशी. पृथ्वीगोलावर रेखावृत्तं ध्रुवाशी एकत्र येतात, संत्र्याच्या फोडींसारखी. मर्केटरनं ती सगळी उभी, समांतर केली. पण खरी परिस्थिती बघा. रेखांशाच्या एका अंशाचं अंतर विषुववृत्तावर १११ किलोमीटर असतं, आपल्या बेळगावजवळ १०७, आणि ६० अंशांवर, जिथं नॉर्वेचं ओस्लो आणि रशियाचं सेंट पीटर्सबर्ग आहे, तिथं जेमतेम ५६. मर्केटरच्या कागदावर ही तिन्ही अंतरं सारख्याच रुंदीची. म्हणजे ओस्लोकडचा मुलूख आडवा दुप्पट ताणला गेला.

नुसता आडवाच ताणला असता तर देश बसके, पसरट दिसले असते. म्हणून त्यानं त्या त्या जागी उभाही तेवढाच ताणला. आडवा दुप्पट, उभा दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. उत्तरेला जाल तसा ताण वाढत जातो. ७२ अंशांवर, म्हणजे ग्रीनलंडच्या मध्यावर, क्षेत्रफळ दहापट होतं. ८० अंशांवर तेहेतीसपट. ध्रुवावर तर अनंत, म्हणून या नकाशात ध्रुव दाखवताच येत नाही, वरची कड कुठंतरी छाटावी लागते. अंटार्क्टिकाची खाली जी संपतच नाही अशी पांढरी पट्टी दिसते ती याच ताणामुळं.

एवढा ताण त्यानं का सोसला? खलाशांसाठी. नकाशावर गोवा ते झांझिबार सरळ रेघ मारली, उत्तरेशी तिचा कोन मोजला आणि होकायंत्राची सुई तेवढ्या कोनावर धरून जहाज हाकलं, की पोचलं. ती वाट सगळ्यात जवळची नसते, पण चुकत नाही. भर समुद्रात, ढगाळ रात्री, सुकाणू धरलेल्या माणसाला आफ्रिका किती चौरस किलोमीटर आहे याच्याशी काय देणंघेणं? त्याला कोन खरा पाहिजे. तो खरा राहावा म्हणून मर्केटरनं क्षेत्रफळावर पाणी सोडलं. अक्षवृत्तांमधलं अंतर नेमकं किती वाढवायचं याचे काटेकोर तक्ते एडवर्ड राइट या इंग्रजानं १५९९ मध्ये छापले, त्यानंतर दर्यावर्दींचं काम खरं सोपं झालं.

आता माझी फजिती सांगतो, कारण हे सगळं ग्रीनलंडपुरतं आहे असं वाटायला नको.

संगणकावर नकाशे करायला मी नुकता शिकलो होतो. बेळगाव तालुक्यातल्या तीन भावांची वाटणी होती. उताऱ्याला दहा एकर. मोजणीला जायच्या आधी अंदाज यावा म्हणून मी उपग्रहाच्या चित्रावर बांधावरून बांध गिरवला आणि सॉफ्टवेअरला क्षेत्रफळ विचारलं. आलं १० एकर ३२ गुंठे. थोरल्या भावाला ते सांगायची घाई केली, हीच चूक. ३२ गुंठे जास्त निघाले म्हटल्यावर घरात आनंद, आणि शेजारच्या रानवाल्याच्या घरी चूल पेटली नाही म्हणा ना. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर: आमचा बांध रेटलाय काय?

टोटल स्टेशन लावून मोजलं तर क्षेत्र दहा एकराच्या आसपासच. बांध जिथल्या तिथं. रात्री बसून ताळा केला तेव्हा दिसलं, की चित्रातली प्रत्येक लांबी चार टक्क्यांनी जास्त होती. तीनशे फुटांचा बांध तीनशेबारा दिसत होता. क्षेत्रफळ त्यामुळं आठ टक्क्यांनी जास्त, चारशे गुंठ्यांचे चारशे बत्तीस. इंटरनेटवरचे नकाशे मर्केटरच्याच एका रूपावर चालतात आणि मी सॉफ्टवेअरला क्षेत्रफळ त्या ताणलेल्या कापडावरच मोजायला सांगितलं होतं. बेळगाव साधारण पावणेसोळा-सोळा अंशांवर आहे. (बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा, अक्षांश एकच.) तिथं मर्केटरचा ताण बरोबर आठ टक्के भरतो. दोन्ही घरी जाऊन चहा घेतला, माफी मागितली. थोरला भाऊ पुढं बरेच दिवस मला बघितलं की "ते बत्तीस गुंठे कुठं ठेवलं सर्व्हेअर?" असं विचारायचा.

हेच दहा एकर रान ओस्लोच्या कडेला असतं तर मी चाळीस एकर सांगून बसलो असतो. ग्रीनलंडच्या मध्यावर शंभराच्या वर. तुमच्या मुलाचा बटर पेपर नेमका इथंच फसला. त्यानं कमी ताणलेला भारत जास्त ताणलेल्या ग्रीनलंडवर ठेवला. खरे आकडे असे: भारत ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१ लाख ६६ हजार. म्हणजे भारत ग्रीनलंडच्या दीडपट. आफ्रिका ३ कोटी चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे तिच्यात चौदा ग्रीनलंड बसतील. नकाशात मात्र दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. रशिया एवढा अजस्र दिसतो, पण तो १ कोटी ७१ लाख, आफ्रिकेच्या निम्म्याहून थोडा जास्त. अलास्का आणि ब्राझील भिंतीवर बरोबरीचे वाटतात, प्रत्यक्षात ब्राझील पाचपट.

मला स्वतःला आवडलेली तुलना जवळची आहे. स्वीडन साडेचार लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३ लाख ८ हजार आणि कर्नाटक १ लाख ९२ हजार, दोन्ही मिळून पाच लाख. म्हणजे सीमाप्रश्न तासभर बाजूला ठेवून दोन्ही राज्यं कागदावर चिकटवली तर स्वीडनपेक्षा मोठी होतात. आणि नकाशात? स्वीडन या जोडीच्या तिपटीहून मोठं दिसतं. मुलाला हे करायला सांगा, निपाणीत बसून दोन्ही राज्यांच्या कडा जुळवायला त्याला मजा येईल. एकटा महाराष्ट्रसुद्धा अख्ख्या ब्रिटनपेक्षा मोठा आहे, ब्रिटन २ लाख ४४ हजारच. दीडशे वर्षं ज्यांनी राज्य केलं ते आपल्या एका राज्यापेक्षा लहान घरातून आले होते, हे मला चाळिशीत कळलं.

हा ताण एका देशाच्या आतही असतो, तिकडं सहसा लक्ष जात नाही. भारत ८ अंशांपासून ३७ अंशांपर्यंत पसरलाय. मर्केटरच्या नकाशात ३५ अंशांवरचं लडाख-काश्मीर, कन्याकुमारीकडच्या मुलखाच्या मानानं, दीडपटीच्या आसपास फुगलेलं असतं. अगदी आपला जिल्हा घ्या. अथणीकडचा उत्तर टोकाचा एक एकर खानापूरकडच्या एक एकरापेक्षा दीड टक्क्यानं मोठा उमटेल. एवढ्यावर कुणी भांडणार नाही. पण भांडण न होणं म्हणजे चूक नसणं नव्हे, एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोष्टीबद्दल माझं मत विचारलंत. मर्केटरनं कट केला हे मला पटत नाही. त्यानं नकाशा खलाशांच्या वापरासाठी आहे असं नकाशाच्या मथळ्यातच लिहिलं होतं. शिवाय त्याच्या रीतीनं सगळ्यात जास्त फुगलं ते ओसाड बर्फ. कट करणारा माणूस ग्रीनलंडला मोठं करून काय मिळवणार? पण पुढची गोष्ट वेगळी. जहाजाच्या टेबलावरचा हा नकाशा नंतर शाळेच्या भिंतीवर, कचेरीत, पुस्तकाच्या कव्हरवर चढला, जिथं कुणालाच होकायंत्र धरायचं नव्हतं. युरोप त्यात रुबाबदार दिसत होता. युरोप १ कोटी चौरस किलोमीटर आणि दक्षिण अमेरिका पावणेदोन कोटींवर, तरी भिंतीवर दोन्ही तोडीस तोड. मोठं दिसणाऱ्याला त्याची तक्रार करावीशी वाटत नाही. म्हणून "चलता है" करत तो राहिला. यात डाव नसेल, पण निष्काळजीपणा आहे आणि त्याचा फायदा कुणाला झाला ते उघड आहे. आफ्रिकेतल्या लोकांना ते खटकलं यात नवल नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकन युनियननं मर्केटर सोडून समक्षेत्र नकाशा वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला तो यासाठीच.

समक्षेत्र नकाशा म्हणजे ज्यात कागदावरचा एक चौरस सेंटीमीटर कुठंही ठेवला तरी तेवढीच जमीन झाकतो. असा नकाशा करता येतो, पण मग आकार बिघडतात. अर्नो पीटर्स यांनी १९७३ साली असा एक गाजवला. जेम्स गॉल नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं तोच १८५५ मध्ये मांडला होता, म्हणून त्याला गॉल-पीटर्स म्हणतात. बॉस्टन शहराच्या सरकारी शाळांनी तो २०१७ मध्ये वर्गात लावला. क्षेत्रफळ त्यात अगदी चोख. पण भारत बघवत नाही: खऱ्या ठेवणीपेक्षा पावणेदोन पट उभट, उसाच्या कांड्यासारखा. आपल्या पोरांना भारताचा आकार डोळे मिटून काढता आला पाहिजे. तिथं हा नकाशा त्यांची ओळखच बिघडवतो असं मला वाटतं. हे माझं मत, बॉस्टनवाल्यांचं वेगळं असेल.

टक्स उसवून फटी ठेवायच्या रीतीचाही नकाशा आहे. गुड या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाचा, १९२३ चा. महासागरांवर कात्री चालवून जमिनीचे तुकडे अखंड ठेवलेत. क्षेत्रफळ बरोबर, आकार बरे, समुद्र मात्र फाटके. तुम्हाला तो बघताक्षणी कळेल, आमच्यातल्या बऱ्याच जणांना समजायला वेळ लागतो.

मधला मार्ग काढणारेही आहेत. रॉबिन्सन आणि विंकेल यांच्या रीतींत आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही थोडं थोडं बिघडवलंय, म्हणजे कुठलंच डोळ्याला टोचत नाही. नॅशनल जिओग्राफिक संस्थेनं १९८८ ते १९९८ रॉबिन्सनची रीत वापरली आणि मग विंकेलची. २०१८ मध्ये तिघांनी मिळून इक्वल अर्थ नावाची नवी रीत केली. क्षेत्रफळ चोख, आणि देश गॉल-पीटर्ससारखे लटकलेले दिसत नाहीत. आफ्रिकेच्या मोहिमेत पुढं केलाय तो हाच नकाशा. घरच्या भिंतीसाठी मी आज निवडला तर हाच.

पण "कुठला नकाशा सगळ्यात चांगला" याचं एकच उत्तर माझ्याकडं नाही, ते कामावर आहे. उदाहरण माझंच देतो. इतका वेळ मर्केटरच्या चुका काढल्या, पण मी पोट भरलं ते त्याच्याच रीतीवर. फक्त आडवी पाडलेली. लँबर्ट नावाच्या गणितज्ञानं १७७२ मध्ये ती युक्ती काढली: मर्केटरचा कागद म्हणजे गोलाभोवती गुंडाळलेली नळी समजा, ती विषुववृत्ताला वेढण्याऐवजी एखाद्या रेखावृत्ताला वेढायची. मग त्या रेखावृत्ताच्या आसपासचा पट्टा जवळजवळ न ताणता उतरतो. हल्ली जगाचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडलेत. आपला ४३ वा. त्याचं मधलं रेखावृत्त ७५ अंश पूर्व, ते आपल्या जिल्ह्यातच गोकाक आणि सौंदत्तीच्या मधून जातं. या रीतीनं ते दहा एकर रान मोजलं तर फरक पाव गुंठ्याच्या आसपास पडतो, आणि तोही सॉफ्टवेअर सुधारून देतं. ३२ गुंठे कुठं आणि पाव गुंठा कुठं! मर्केटर तोच, काम बदललं.

मोबाइलमधल्या नकाशाचंही असंच. गूगलनं २००५ मध्ये मर्केटर घेतला, त्याला कारण आहे. कोन खरे राहतात, म्हणून चौक कितीही जवळ जाऊन बघा, चौकासारखाच दिसतो, बेळगावात आणि ओस्लोतही. रस्ता शोधणाऱ्याला तेच पाहिजे. पूर्ण जग बघायला लागलं की मात्र ग्रीनलंड फुगतो. म्हणून २०१८ पासून संगणकावर तो नकाशा खूप लांब नेला की गोल होतो. मुलाला एक गंमत दाखवा. मोबाइलवर सपाट नकाशा धरून मापाची पट्टी चालू करा. झूम न बदलता बोटानं बेळगावहून नॉर्वेपर्यंत सरकत जा. तेवढ्याच लांबीच्या पट्टीवरचे किलोमीटर निम्म्यावर येताना दिसतील. नकाशा स्वतःच सांगतो मी किती ताणलोय, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

आता खरेदीचं. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर नकाशा न घेता पृथ्वीगोल घ्या. बारा इंची मिळाला तर उत्तम, अगदी लहान गोलावर नावंच वाचता येत नाहीत. विषुववृत्ताभोवती तुमच्या शिलाईच्या दोऱ्याचा एक वेढा घ्यायला लावा, ९६ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. मग ६० अंशांवर वेढा घेऊ द्या: ४८. भिंतीवरच्या नकाशात या दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या आहेत हे त्यानं स्वतः पट्टी लावून बघितलं, की मला इथं लिहिलेलं निम्मं लिहावं लागलं नसतं. भारताचा बटर पेपरही गोलावर नव्यानं गिरवू द्या. तो कागद गोलावर नीट बसणार नाही, कडेला चुणी पडेल. ती पडू द्या, टक्सची गोष्ट तिथंच सांगता येईल.

नकाशाच हवा असेल तर खडेबाजारात दुकानदाराला "मर्केटर आहे का" असं विचारून उपयोग नाही, तोही गांगरेल. पट्टी घेऊन जा. नकाशाच्या कडेला अक्षांशांचे आकडे असतात. ० ते २० अंशांचं अंतर मोजा, मग ६० ते ८० चं. दुसरं पहिल्याच्या तिपटीवर भरलं तर मर्केटर. दोन्ही सारखं आलं आणि रेखावृत्तं उभी सरळ असली तर ती साधी चौकड्यांची रीत, त्यात ग्रीनलंड नुसता आडवा पसरलेला दिसतो. वरच्या कडेला रेखावृत्तं आत वळत असतील आणि ग्रीनलंड भारतापेक्षा किरकोळ दिसत असेल तर बिनधास्त घ्या. कोपऱ्यात प्रक्षेपणाचं, म्हणजे नकाशाच्या रीतीचं, नाव छापलेलं असतं, तेही बघा. आणि एक काळजी: इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी नकाशांत आपली काश्मीरकडची हद्द वेगळी दाखवलेली असते. शाळेत नेऊन लावायचा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या हद्दीप्रमाणं छापलेला भारतीय नकाशाच घ्या, नाहीतर बिचाऱ्या गुरुजींची पंचाईत.

राहता राहिला भिंतीवरचा जुना नकाशा. काढू नका. मर्केटर असेल तर त्याच्यावर आपल्या गुंठ्यांचा हिशेब फार सुरेख बसतो, हे मला त्या बत्तीस गुंठ्यांच्या रात्रीच दिसलं. आपला एकर चाळीस गुंठ्यांचा आणि गुंठा तेहेतीस फुटांच्या साखळीचा, मुंबई इलाख्याच्या मोजणीपासूनचा. समजा विषुववृत्तावर नकाशातला एक एकर म्हणजे खरे चाळीस गुंठे. मग ३० अंशांवर नकाशात तेवढाच दिसणारा तुकडा खरा तीस गुंठ्यांचा असतो. ४५ अंशांवर वीस, ६० अंशांवर दहा. साडेएकाहत्तरवर चार, आणि ८० अंशांवर सव्वा गुंठाही नीट नाही. दक्षिणेलाही हेच.

मुलाला सांगा, नकाशाच्या कडेला पेन्सिलनं या अक्षांशांसमोर हे आकडे लिही. मग फ्रान्सच्या उंचीला वीस दिसेल, स्वीडनच्या मध्याला दहाच्या खाली, ग्रीनलंडच्या पोटात चार. आणि आपल्या बेळगाव-निपाणीच्या रेघेवर सदतीस लिहायला लावा. तीन गुंठे आपल्यालाही फुकट मिळालेत.